पिंपावरचा पत्ता : इंडिया पेल एल आणि 'अस्सल' चवीचा वाद

इंग्रजीत दाट काळ्या शाईला 'इंडिया इंक' म्हणतात. ती शाई मुळात चीनची. खोडरबराला पूर्वी 'इंडिया रबर' म्हणत. त्याचा चीक दक्षिण अमेरिकेतल्या झाडांचा. आपल्या देशाचे नाव लावून फिरणारी, पण आपल्या मातीशी फारसा संबंध नसलेली तिसरी वस्तू म्हणजे 'इंडिया पेल एल', म्हणजे आजच्या तरुणांच्या बोलण्यातली 'आयपीए'. या बिअरचे सातू इंग्लंडचे, हॉप्सची फुले इंग्लंडची, पाणी लंडनचे किंवा बर्टनचे. हिंदुस्थानचा त्यात एक दाणाही नव्हता. हिंदुस्थान होता तो फक्त पिंपावरच्या पत्त्यात.

तरीही गेल्या चाळीसेक वर्षांत जगभरच्या बिअरशौकिनांत या तीन अक्षरांवरून जितके वाद झाले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या बिअरवरून झाले असतील. खरी आयपीए कोणती? कडूजहर की फळांच्या रसासारखी? आरशासारखी नितळ की ताकासारखी गढूळ? मुरवलेली की ताजी? प्रत्येक पक्ष इतिहासाची साक्ष काढतो आणि प्रत्येकाला हवी ती साक्ष मिळते. या लेखात निवाडा द्यायचा नाही. चव नावाची गोष्ट कोण घडवते, आणि कोणाच्या आवडीला 'चव' म्हणायचे व कोणाच्या आवडीला 'व्यसन', हे कोण ठरवते, एवढेच या बिअरच्या निमित्ताने तपासायचे आहे.

बो गावचा हॉजसन

लंडनच्या पूर्वेला ली नदीकाठी बो नावाची वस्ती आहे. तिथे १७५२ साली जॉर्ज हॉजसन याने बिअरचा कारखाना सुरू केला. कारखाना मोठा नव्हता. लंडनमध्ये त्याच्यापेक्षा कितीतरी बडे कारखानदार होते. हॉजसनचे भाग्य त्याच्या जागेत होते. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे नांगर टाकत, ते ब्लॅकवॉल तिथून अगदी जवळ.

कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना आणि अधिकाऱ्यांना स्वतःच्या खासगी व्यापारासाठी जहाजात ठराविक जागा मिळे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांना जे जे मायदेशाचे हवे असे, ते ते कप्तान त्या जागेतून नेत. हॅम, चीज, वाइन, टोप्या, काचेचे सामान आणि अर्थातच बिअर. हॉजसनने या कप्तानांना माल दिला आणि त्याबरोबर आणखी मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे उधारी. अठरा महिन्यांपर्यंतची उधारी. कप्तानाने माल न्यायचा, विकायचा, परत यायचे आणि मग पैसे चुकते करायचे. हॉजसनची बिअर इतरांपेक्षा चांगली होती का, हे आज सांगता येणार नाही. त्याची वही मात्र इतरांपेक्षा उदार होती, हे सांगता येते.

तो पाठवत असलेली बिअर खास हिंदुस्थानसाठी शोधून काढलेली होती, असेही दिसत नाही. इंग्लंडातले जमीनदार ऑक्टोबर महिन्यात फिक्या माल्टची, भरपूर हॉप्सची बिअर करून तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरवत असत. हॉजसनचा माल बहुधा याच घराण्यातला. गरम मुलुखात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हा सल्लाही १७६० च्या दशकापासून इंग्रज मद्यकारांना माहीत होता. कोणा एका माणसाला रात्री दिवा पेटल्यासारखी कल्पना सुचली आणि आयपीए जन्मली, असे काही घडलेले नाही.

घडले ते समुद्रावर. केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानात पोचायला चार ते सहा महिने लागत. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. पिंपे जहाजाच्या पोटात हिंदकळत, तापत, निवत, पुन्हा तापत. जी बिअर इंग्लंडच्या तळघरात दोन वर्षांनी तयार झाली असती, ती या प्रवासात काही महिन्यांत मुरून कलकत्त्याला किंवा मुंबईला उतरे. लाकडाच्या पिंपात एक रानटी यीस्ट सावकाश काम करत असे. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन या शास्त्रज्ञाने ते इंग्लिश बिअरमधून वेगळे काढले आणि त्याला 'ब्रेटॅनोमायसिस' असे नाव दिले. अर्थ, ब्रिटिश बुरशी. ज्या चवीला जग 'इंडिया' म्हणत होते, तिच्यातला एक मोठा कारागीर असा नावानेही ब्रिटिश निघाला.

चहाच्या किटलीतला प्रयोग

१८२० च्या सुमारास कारखाना पुढच्या पिढीतल्या फ्रेडरिक हॉजसनच्या हाती होता. त्याने आणि त्याच्या भागीदाराने एक चाल खेळली. कप्तानांची उधारी बंद केली, भाव वाढवले आणि माल स्वतःच जहाजांवर चढवून कलकत्त्यात विकायला सुरुवात केली. दुसऱ्या कोणाचा माल येणार असे कळले की बाजारात स्वतःचा माल ओतून भाव पाडायचा आणि स्पर्धक पळाला की पुढच्या वर्षी भाव चढवायचा, अशी त्यांच्याविषयी तक्रार होती. मक्तेदारीचे हे धडे ईस्ट इंडिया कंपनीच्या अंगणातच मिळालेले होते. पण कंपनीच्या माणसांना ते आपल्यावरच चालवलेले आवडले नाहीत.

पुढची हकिगत अशी सांगतात. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी १८२२ साली बर्टन-ऑन-ट्रेंट गावचे मद्यकारखानदार सॅम्युअल ऑल्सप यांना लंडनमध्ये जेवायला बोलावले. बर्टनची दाट, गोड, तपकिरी एल रशियात जात असे. त्याच वर्षी रशियाने तिच्यावर जबर जकात बसवल्याने ऑल्सपचा धंदा अडचणीत होता. मार्जोरिबँक्सनी हॉजसनच्या बिअरची बाटली पुढे ठेवली आणि हिंदुस्थानचा बाजार दाखवला. ऑल्सपने नमुना बर्टनला नेला. तिथे त्यांचा माल्ट करणारा जॉब गुडहेड याने पहिला प्रयोग म्हणे चहाच्या किटलीत केला. किटली खरी असेल वा नसेल, कारण ही कथा छापून आली ती तीस वर्षांनी. पण १८२३ पासून ऑल्सपची बिअर हिंदुस्थानला जाऊ लागली, पाठोपाठ बर्टनचाच बास आला, आणि १८३० च्या दशकात हॉजसन मागे पडला.

बर्टनच्या विजयात जेवणापेक्षा पाण्याचा वाटा मोठा. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. सल्फेट असलेल्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ आणि कोरडा उतरतो आणि बिअर नितळ निघते. बर्टनकरांना याचे रसायन तेव्हा माहीत नव्हते. पुढे ते कळले, तेव्हा इतर गावांचे मद्यकार आपल्या पाण्यात जिप्सम टाकू लागले. या क्रियेला आजही 'बर्टनायझेशन' म्हणतात. म्हणजे बाजार दाखवला कंपनीच्या संचालकाने, ढकलले रशियाच्या जकातीने आणि चव दिली जमिनीखालच्या खडकाने.

दंतकथा आणि जाहिराती

आयपीएच्या दोन कथा इतक्यांदा छापल्या गेल्या आहेत की त्या खऱ्याच वाटतात. पहिली अशी की साधी बिअर हिंदुस्थानपर्यंत टिकत नसे, म्हणून ही नवी बिअर शोधावी लागली. मग काळी पोर्टर कशी टिकत होती? पोर्टर त्याच जहाजांतून, त्याच विषुववृत्तावरून, मोठ्या प्रमाणावर येत होती आणि इथे आवडीने प्यायली जात होती. १७८४ सालच्या 'कलकत्ता गॅझेट'मधील जाहिरातीत पोर्टर आणि पेल एल शेजारी शेजारी आहेत. दुसरी कथा अशी की १८२७ साली हिंदुस्थानला निघालेले जहाज आयरिश समुद्रात फुटले, वाचलेली पिंपे लिव्हरपूलला लिलावात गेली आणि इंग्लंडला या बिअरची चटक लागली. ही कथा छापली गेली १८६९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी, आणि त्या काळचा पुरावा न देता.

या दंतकथांची झाडाझडती ज्यांनी घेतली, ते मार्टिन कॉर्नेल पेशाने पत्रकार होते. विद्यापीठाबाहेर राहून जुनी वृत्तपत्रे चाळणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यांचे काम दिलासा देणारे आहे. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा सापडतात ते लंडनला नाही, कलकत्त्यालाही नाही, तर १८२९ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या एका वृत्तपत्राच्या जाहिरातीत. हिंदुस्थानात राहणाऱ्याला बिअरला 'इंडिया' म्हणायची गरज काय? रत्नागिरीत कोणी 'रत्नागिरी हापूस द्या' म्हणत नाही. नाव लागते ते बाहेरच्या बाजारात. आणि हापूस तरी कोणाचा? अल्फान्सो हे नाव पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून आले असे मानतात. त्यांचे नाव आपल्या फळाला चिकटले, आपले नाव त्यांच्या पेयाला.

इंग्लंडात ही बिअर पसरली ती १८३९ साली बर्टनला रेल्वे पोचल्यावर. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, काचेची भांडी स्वस्त झाली आणि फिकी, चमकदार बिअर डोळ्यांनाही आवडू लागली. तिच्या कडूपणाने मात्र काही जण बिचकले. १८५२ मध्ये फ्रान्समधून आवई उठली की इंग्रज मद्यकार बिअर कडू करण्यासाठी तिच्यात स्ट्रिकनिन, म्हणजे कुचल्याचे विष घालतात. ऑल्सप कंपनीला ग्रॅहम आणि हॉफमन या नामांकित रसायनशास्त्रज्ञांकडून तपासणी करून निर्वाळा मिळवावा लागला. ज्या चवीपायी आज लोक रांगा लावतात, ती पहिल्यांदा कित्येकांना विषासारखी लागली होती. १८७६ साली बासचा लाल त्रिकोण ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क झाला आणि १८८२ मध्ये एद्वार माने याच्या पॅरिसच्या बारच्या प्रसिद्ध चित्रात त्या त्रिकोणाची बाटली झळकली.

कोणाची चव, कोणाचे व्यसन

हिंदुस्थानात ही बिअर कोण पीत होते? अधिकारी, व्यापारी, मुलकी नोकर. साध्या गोऱ्या शिपायासाठी कंपनी पोर्टरची मोठाली कंत्राटे काढत असे. एकाच छावणीत अंगावरच्या पट्ट्यांबरोबर पेल्यातला रंगही बदलत असे. पेल एल टिफिनबरोबर, थंडगार हवी असे. ती थंड करणारा आबदार मात्र आपला माणूस. सोरा पाण्यात विरघळला की पाणी गार होते. त्यात बाटल्या फिरवत बसणे हे त्याचे कसब. १८३४ मध्ये अमेरिकेतून जहाजाने बर्फ मुंबईला आला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली. बर्फाबरोबर आबदाराच्या सोऱ्याची सद्दी ओसरू लागली. त्याने साहेबाच्या हजारो बाटल्या गार केल्या असतील. त्याला ती चव कशी वाटली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आपल्या लोकांचे पेय वेगळे होते. किनाऱ्यावर ताडी-माडी, डोंगरात मोहाची. सरकारला त्यात चव दिसली नाही, महसूल दिसला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती आणि गावठी गाळपाच्या नाड्या आवळल्या, दारू मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे गेली. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत झाडाखाली पडलेली फुले साठवण्यावरही बंधने आली. सरकारी परवान्याची दुकाने मात्र वाढत राहिली. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. कुटुंबे उद्ध्वस्त होतात, हे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेच होते.

त्याच १८८० साली लंडनमध्ये ग्लॅडस्टनने बिअरवरच्या कराची पद्धत बदलली. माल्टवरचा कर काढून बिअरच्या घनतेवर, पर्यायाने ताकदीवर कर लावला. तिथे प्रश्न होता मद्यकाराला मोकळीक किती द्यायची. इथे प्रश्न होता आदिवासीने फूल वेचायचे की नाही. साहेबाच्या पेयाला नाव मिळाले, ट्रेडमार्क मिळाला, चित्रात जागा मिळाली. कातकऱ्याच्या पेयाला गुन्ह्याचे कलम मिळाले. दोन्हींत नशा होती. फुल्यांची हरकत दोन्हींना लागू पडते. सरकारचा न्याय मात्र एकालाच लागू होता.

तीन पिढ्या, तीन चवी

हिंदुस्थानात मग डोंगरी कारखाने आले. कसौलीचा डायर यांचा आणि १८६० चा मरीचा. बर्फ आला, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, हलकी लागर आली, व्हिस्की-सोड्याने साहेबाचा हात धरला. इंग्लंडात कराने आणि पहिल्या महायुद्धातल्या धान्यटंचाईने बिअर पातळ होत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली आयपीए साधारण सहा-सात टक्क्यांची होती. ग्रीन किंग या इंग्लिश कंपनीची आयपीए अनेक वर्षे ३.६ टक्क्यांची होती. नाव तेच, पिंपात दुसरेच.

नावाला नवा जन्म मिळाला अमेरिकेत. नेवार्कच्या बॅलंटाइन कंपनीने जुनी पद्धत, लाकडात मुरवण्यासकट, विसाव्या शतकातही चालू ठेवली होती. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने 'लिबर्टी एल' काढली. तिच्यातले कॅस्केड हॉप्स अमेरिकन, पपनसासारख्या वासाचे. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करण्यास मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि गॅरेजांतून छोटे मद्यकार निपजले. पश्चिम किनाऱ्याची आयपीए घडली ती यांतून. नितळ, कोरडी, राळेसारख्या वासाची आणि कडूपणाची पैज लावणारी. मग पूर्वेकडच्या व्हरमाँटमध्ये 'अल्केमिस्ट' या छोट्या कारखान्याची 'हेडी टॉपर' आली. गढूळ, मऊ, आंब्या-अननसाच्या अंगाची. डब्यावरच छापलेले, ग्लासात ओतू नका, डब्यातूनच प्या. २०१८ मध्ये अमेरिकन मद्यकारांच्या संघटनेने 'रसदार किंवा गढूळ' आयपीए हा अधिकृत प्रकार मानला.

या तिघी शेजारी ठेवल्या तर नावाखेरीज फारसे काही जुळत नाही. इंग्लिश आयपीएत मातीचा, गवताचा वास आणि माल्टची बिस्किटासारखी चव. पश्चिमेकडची तोंडात कोरडी होत जाते आणि कडूपणा घोटानंतरही रेंगाळतो. गढूळ आयपीएत ओट्स-गहू असतात, पाण्यात सल्फेटऐवजी क्लोराइडचा जोर, आणि हॉप्स उकळण्याऐवजी शेवटी भिजत टाकतात. त्यामुळे वास भरपूर, कडूपणा बेताचा. सर्वांत मोठा फरक काळाचा. हॉजसनची बिअर सहा महिने मुरल्यावर पिण्याजोगी होई. गढूळ आयपीए सहा महिन्यांनी टाकून देण्याजोगी होते. शौकीन डब्यावरची तारीख दुधाच्या पिशवीसारखी तपासतात. आपल्याकडे म्हण आहे, कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडूच. हॉप्सचे तसे नाही. काळ लोटला की त्यांचा वास आधी उडतो आणि कडूपणाही मवाळतो.

जीभ आणि सवय

मग आवडीनिवडीचे काय? बिअरचा कडूपणा मोजायचे एकक आहे. लिटरमागे हॉप्सच्या कडू आम्लाचे एक मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक एकक. पण आकडा जिभेला बांधत नाही. माणसाच्या तोंडात कडू ओळखणारे सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक आहेत. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनज्ञाच्या हातून पीटीसी नावाची भुकटी उडाली. सहकाऱ्याचे तोंड कडू झाले, फॉक्सला काहीच लागले नाही. तेव्हापासून कळले की एकाच पदार्थाच्या दोन माणसांच्या तोंडात दोन चवी असू शकतात आणि त्या आनुवंशिक असतात. हॉप्सचे कडू ओळखणारे ग्राहक मात्र पीटीसीच्या ग्राहकापेक्षा वेगळे आहेत. म्हणून अमक्याला कारले सोसते, म्हणजे आयपीएही सोसेल, असा हिशेब सरळ बसत नाही.

त्यावर सवयीचे थर चढतात. तान्हे मूल कडू थुंकते, आणि तेच मोठे होऊन मेथीची भाजी मागून घेते. गुढीपाडव्याला कडुनिंब चघळताना तोंड वाकडे न करणे हे आपण शिकतो. शिकलेली चव मग स्वभाव वाटू लागते आणि स्वभाव वाटू लागला की दुसऱ्याची चव चूक वाटते. कोल्हापूरकर आणि पुणेकर यांच्यात मिसळीवरून जे होते, तेच कॅलिफोर्निया आणि व्हरमाँट यांच्यात होते. फरक इतकाच की मिसळीच्या वादात दोघांनाही मिसळ मिळालेली असते. १८३० च्या हिंदुस्थानात वाद घालायचा हक्क ज्याच्या पेल्यात बिअर होती त्यालाच होता.

म्हणून 'अस्सल आयपीए कोणती' या प्रश्नाला उत्तर नाही, पण इतिहास आहे. उधारी, जकात, पाणी, रेल्वे, काच, कर आणि बर्फ यांनी दर पिढीला एक चव तोंडात आणून दिली. त्या पिढीने ती अनादि मानली. या यादीत हिंदुस्थान कुठे आहे? तापमान आणि अंतर म्हणून आहे, गिऱ्हाइकाचा पत्ता म्हणून आहे, बाटली फिरवणारा हात म्हणून आहे. जीभ म्हणून नाही.

ती जीभ आता येते आहे. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या, भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या शिपायांवरून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द आला. तो आपल्याच शहरात पाटीवर चढला. गोव्यात 'बीच शॅक' नावाची आयपीए निघते. आपल्याकडचा बहुसंख्य ग्राहक अजून स्ट्राँग बिअरचा आहे. कडूपणापेक्षा त्याला चढण्याशी मतलब, अशी टीका होते. पण ही आवडही करांनी, दुकानांच्या परवान्यांनी आणि बंदीच्या वर्षांनी घडवलेली आहे. तिला नाक मुरडण्यापूर्वी ताडी-मोहाचा इतिहास आठवावा.

लाहौलच्या खोऱ्यात थोडे हॉप्स पिकतात, पण आपल्या छोट्या कारखान्यांचे बरेचसे हॉप्स अजून अमेरिकेतून, युरोपातून येतात. दोनशे वर्षांपूर्वी बिअर इकडे यायची आणि नाव तिकडे राहायचे. आता नाव घरी आले आहे आणि वास जहाजाने येतो. पिंपावर पत्ता मात्र अजूनही भारताचाच आहे.